मरुतचे १:७२ किट : साचा उत्तम, माहितीपत्रकातली एक ओळ चुकीची

एचएफ-२४ मरुत या भारतीय लढाऊ विमानाचे १:७२ प्रमाणातील रेझिनचे किट मी गेल्या दिवाळीच्या सुमारास मागवले आणि रविवारचे तास-दोन तास देत चार महिन्यांत पूर्ण केले. किट युरोपातल्या एका लहानशा कंपनीचे आहे. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तिच्याविषयी दोन कडू गोष्टी लिहायच्या आहेत आणि अशा एकदोन माणसांनी चालवलेल्या कंपन्या एखाद्या वाईट परीक्षणानेही बसतात. टपालखर्च, सीमाशुल्क आणि कुरिअरवाल्याची वरकड धरून हे किट साडेसहा हजारांच्या घरात पडले. भारतात आखलेल्या आणि भारतात बांधलेल्या विमानाच्या वीतभर प्रतिकृतीवर आयातशुल्क भरताना माणूस क्षणभर गप्प होतो, एवढे सांगून किमतीचा विषय संपवतो.

खोक्यात पिवळट रेझिनचे पन्नासेक भाग, वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक छताच्या दोन प्रती, डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा, एक कागद आणि आठ पानांचे माहितीपत्रक आहे. मूळ विमान १५.८७ मीटर लांब असून पंखांच्या टोकांमधले अंतर ९ मीटर आहे; ७२ ने भागल्यावर अनुक्रमे २२ आणि साडेबारा सेंटीमीटर यायला हवेत. पोलादी पट्टी लावून पाहिली तेव्हा लांबीत एक मिलिमीटर कमी भरला आणि पंख बरोबर निघाले. या प्रकारच्या किटमध्ये एवढा फरक सहज माफ आहे. नाकाच्या खालच्या अंगाला हवेचे दोन बुडबुडे राहून गेले होते, ते पुटी भरून आणि पॉलिश पेपर मारून नाहीसे झाले. डावा पंख किंचित वाकडा आला होता. तो कढत पाण्यात धरून सपाट काचेखाली दाबून ठेवला की सरळ होतो. रेझिनची किटे करणाऱ्यांना यात नवे काही नाही.

खरे समाधान मिळते ते धडाचे दोन अर्धे भाग जोडल्यावर. मरुत बाजूने पाहिले तर सडसडीत माशासारखे दिसते, पण वरून पाहिले की पंखांपाशी त्याचे धड कंबरेसारखे आवळलेले आहे हे लक्षात येते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो आणि तो आटोक्यात ठेवायचा असेल, तर पंखांमुळे जेवढी जाडी वाढली तेवढी धडातून कमी करावी लागते, हे ज्ञान १९५० च्या दशकात अगदी ताजे होते. मरुतच्या आराखड्यात ते पहिल्यापासून उतरलेले आहे. स्वस्तातल्या किटमध्ये हीच कंबर हमखास चुकते आणि विमान लाटण्यासारखे सरळसोट दिसू लागते. येथे ती अचूक आहे. साचा करणाऱ्याने मूळ रेखांकने नीट पाहिली असली पाहिजेत. नाकाच्या दोन्ही अंगांना असलेल्या ३० मिलिमीटरच्या चार तोफांची तोंडे सुबक कोरलेली आहेत आणि पोटाखाली रॉकेटांची जी पेटी बाहेर येते, ती उघडी किंवा मिटलेली अशी दोन्ही प्रकारे दाखवता येते.

अडचण सुरू होते ती शेपटाशी. किटमध्ये इंजिनाच्या मागच्या नळकांड्यांच्या दोन जोड्या दिल्या आहेत. एक अरुंद जोडी हवाई दलात प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या विमानासाठी आहे आणि दुसरी, थोडी रुंद जोडी, आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा रेटा देणारी जोडणी) बसवलेल्या प्रायोगिक विमानासाठी आहे. मला दुसरी जोडी लावायची हौस आली. अरुंद नळकांडी टचकन जागेवर बसतात. रुंद जोडी मात्र काही केल्या बसेना. शेपटाची कड घासली, आतून पोखरले, तरी दोन्ही नळकांडी एकमेकांना अडत होती आणि बाहेरून पाहिले तर मागचा भाग सुजल्यासारखा दिसत होता. आमच्या शेजारचे काका नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत. ते संध्याकाळी चहाला आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो तुकडा दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "अरे, हे नळकांडं इथं बसायचंच नाही. बूड रुंद करावं लागेल, आणि बूड रुंद केलं तर मग ती कंबर कशाला आवळलीस?"

काकांनी अर्ध्या मिनिटात जे सांगितले, त्याच प्रश्नाशी मरुत आखणाऱ्या बंगळूरच्या अभियंत्यांना दहा-बारा वर्षे झुंजावे लागले होते. किटच्या माहितीपत्रकात मात्र या सगळ्या प्रकरणाची वासलात एका ओळीत लावली आहे : इंजिन अशक्त असल्यामुळे हे विमान अपेक्षित वेग गाठू शकले नाही. शब्दशः पाहिले तर हे खरे आहे. पण ते वाचून असे वाटते की इंजिन ही आकाशातून पडलेली गोष्ट होती, किंवा बंगळूरच्या अभियंत्यांना इंजिन निवडता आले नाही. मरुतच्या बाबतीत अशक्त असलेली गोष्ट यंत्राच्या आधी निर्णयांत शोधावी लागते, आणि ते निर्णय कारखान्यात झालेले नव्हते. या ओळीवर माझा आक्षेप आहे आणि परीक्षणाचा मोठा भाग तिच्यासाठीच खर्च करणार आहे.

हवाई दलाने १९५० च्या दशकाच्या मध्यावर जी मागणी नोंदवली, ती महत्त्वाकांक्षी होती : ध्वनीच्या दुप्पट वेग, साठ हजार फुटांची उंची आणि सुमारे ८०० किलोमीटरचा मारक पल्ला. ज्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे हे काम आले, ती १९४० मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळूरला उभी केली होती आणि पुढे ती सरकारच्या ताब्यात आली होती. स्वतःचे विमान आखण्याचा तिचा अनुभव म्हणजे मुख्यतः कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखाली तयार झालेले आणि १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे पंख्याचे प्रशिक्षण विमान. तेथून ध्वनीच्या दुप्पट वेगाकडे उडी मारायची, तर जाणता माणूस हवा होता. दुसऱ्या महायुद्धातल्या फोक-वुल्फ १९० या विमानाचे जनक कुर्ट टँक युद्धानंतर अर्जेंटिनात गेले होते. तेथे १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता गेली आणि टँक यांचे काम थांबले. १९५६ मध्ये ते आपल्या काही जर्मन सहकाऱ्यांसह बंगळूरला दाखल झाले. एका देशातल्या सत्तांतराने दुसऱ्या देशाच्या विमान उद्योगाला असा हात दिला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

टँक यांच्या चमूने हवेतल्या वागणुकीचा अंदाज घेण्यासाठी आधी पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बनवले आणि १९५९ मध्ये डकोटा विमानामागे दोर बांधून ते उडवले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिले मरुत हवेत नेले. जेट लढाऊ विमान आखण्याचा काडीचाही पूर्वानुभव नसलेल्या कारखान्यातून पाच वर्षांत विमान उडाले. या गतीचे महत्त्व पुढच्या चाळीस वर्षांकडे पाहिल्यावर कळते.

आता इंजिनाविषयी. मरुतचा आराखडा ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस-१२ या आफ्टरबर्नरयुक्त इंजिनाभोवती केला होता. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळून मिळवलेला जादा रेटा. अशा प्रत्येक इंजिनाकडून सुमारे ३,७०० किलोग्रॅम रेटा अपेक्षित होता. परंतु ज्या पाश्चात्त्य गरजेपोटी त्या इंजिनाचे काम सुरू झाले होते ती गरज उरली नाही, ब्रिटिश सरकारने हात आखडता घेतला आणि पुढच्या विकासाच्या खर्चात भारताने वाटा उचलावा असे सुचवण्यात आले. दिल्लीने नकार दिला. मग नॅट या छोट्या विमानात बसणाऱ्या ऑर्फियसचाच आफ्टरबर्नर नसलेला भाऊबंद मरुतच्या पदरी पडला. त्याचा रेटा सुमारे २,२०० किलोग्रॅम. म्हणजे भरल्या पोटी नऊ टनांच्या आसपास वजन असलेल्या विमानाला मागून ढकलायला साडेसात टनांच्या ऐवजी साडेचार टनांहूनही कमी बळ मिळाले. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घडवलेले हे शरीर सरळ उड्डाणात जेमतेम ध्वनीच्या वेगाला शिवू शकले.

त्या नकाराकडे पाहून आज दात-ओठ खाणे सोपे आहे. पण १९५७-५८ चा काळ दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतल्या परकीय चलनाच्या टंचाईचा होता. पोलादाचे कारखाने, धरणे आणि धान्य यांच्यासाठी पौंड पुरत नव्हते. अशा वेळी जे इंजिन खुद्द ब्रिटिशांना नको झाले होते, त्याच्यावर पैसे लावा असे अर्थखात्याला सांगणे कोणत्याही संरक्षणमंत्र्याला जड गेले असते. माझा आक्षेप नकाराला नाही. नकार दिल्यानंतर विमानाचा आराखडा तसाच पुढे चालू राहिला आणि 'मग याला इंजिन कोणते?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी पैसे व मुदत यांच्यासह कोणावरही टाकली गेली नाही, याला आहे. घर बांधून झाल्यावर विहीर शोधायला निघावे, तसा तो प्रकार झाला.

दुसरा मोठा निर्णय १९६२ चा. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ विमाने मिळाली होती आणि त्यांना तोंड देणारे वेगवान विमान भारताला तातडीने हवे होते. सोव्हिएत संघाने मिग-२१ देऊ केले, ते भारतात परवान्याने बनवण्याची मुभा दिली आणि मोबदला रुपयांत घेण्याची तयारी दाखवली. त्या वर्षीच्या चिनी आक्रमणानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला आणि यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी आले. त्यांच्या १९६४ मधल्या मॉस्को भेटीनंतर मिगच्या कामाला खरा वेग आला. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी वाटणी झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सगळे कारखाने एका छत्राखाली आणून हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही आजची कंपनी उभी राहिली.

आम्हा नाशिककरांना या निर्णयाबद्दल वाईट बोलणे जमत नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो. ओझरच्या माळावर वसाहत उठली, शाळा आली, दोन पिढ्यांच्या हाताला काम मिळाले. आजही त्या भागाला लोक 'ओझर मिग' म्हणतात. पत्ता सांगताना रशियन विमानाचे नाव घेतो आहोत हे कोणाच्या मनातही येत नाही. मरुतच्या वाट्याला असा पत्ता आला की नाही, यावर वाद आहे. बंगळूरच्या मारतहळ्ळीचे नाव याच विमानावरून पडले असे काही जण सांगतात, तर काही जण मारुतीच्या देवळाकडे बोट दाखवतात.

पण काकांनी एकदा जे सांगितले ते विसरता येत नाही. ओझरला आलेले प्रत्येक रेखांकन हे दुसऱ्याच्या घरून आलेले होते. भाग त्याप्रमाणे तंतोतंत घडवायचा. एखाद्या छिद्राची जागा दोन मिलिमीटर सरकवली तर काम सोपे होईल हे फिटरला दिसत असले, तरी ती सरकवायचा अधिकार येथे कोणाला नसे. विचारणा मूळ कारखान्याकडे जायची आणि उत्तर येईपर्यंत छिद्र जुन्याच जागी पडत राहायचे. "आमचा हात बसला, पण पेन्सिल कधी हातात आली नाही," हे त्यांचे शब्द. बंगळूरला ज्यांच्या हातात पेन्सिल होती, त्यांच्याकडे तोवर पैशांचा आणि घाईचा ओघ आटू लागला होता, कारण ध्वनीच्या दुप्पट वेगाची हवाई दलाची गरज आता मिग भागवणार होते. एकाच मंत्रालयाने, एकाच कंपनीत, स्वतःच्या विमानाला असा प्रतिस्पर्धी आणून बसवला आणि दोघांपैकी कोणासाठी इंजिन शोधायचे हा प्रश्न आपोआप निकालात निघाला.

शोध पुढेही चालू राहिला, पण तो ज्याच्या त्याच्या कलाने. इजिप्तमध्ये विली मेसरश्मिट यांच्या एचए-३०० या विमानासाठी फर्डिनांड ब्रँडनर ई-३०० नावाचे इंजिन विकसित करत होते. नेहरू आणि नासर यांच्या मैत्रीच्या काळात दोन्ही देशांनी हात मिळवले. ७ मार्च १९६४ रोजी इजिप्तच्या त्या विमानाचे पहिले उड्डाण कपिल भार्गव या भारतीय वैमानिकाने केले आणि त्या इंजिनाची चाचणी घेण्यासाठी एक मरुत इजिप्तला पाठवण्यात आले. १९६७ मध्ये ते त्या इंजिनासह उडालेही. मग जूनमध्ये इस्रायलशी युद्ध झाले, इजिप्तची तिजोरी रिकामी झाली आणि १९६९ मध्ये सगळा प्रकल्पच गुंडाळला गेला. कैरोत झालेल्या निर्णयाचा फटका बंगळूरला बसला. त्यापूर्वी सोव्हिएत इंजिनेही चाचपून झाली होती; ती जमली नाहीत. धड ऑर्फियसच्या बारीक घेराला माप घेऊन शिवलेले असल्यामुळे दुसऱ्याचा सदरा त्याला बसेना.

शेवटी घरचाच उपाय करून पाहिला गेला : आहे त्याच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडायचा. माझ्या किटमधली ती रुंद नळकांडी याच प्रयोगाची. वायूला बाहेर पडायला मोठे तोंड लागते, त्यामुळे शेपूट फुगले, हवेचा विरोध वाढला आणि मिळवलेल्या रेट्यातला बराचसा तेथेच खर्ची पडला. १० जानेवारी १९७० रोजी अशाच एका विमानाची चाचणी घेताना बंगळूरला उड्डाणाच्या वेळीच अपघात झाला आणि सुरंजन दास मृत्युमुखी पडले. मरुत पहिल्यांदा आकाशात नेणारे तेच होते. बंगळूरमधला एक मोठा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.

असे असूनही हे विमान कामाचे निघाले, आणि डेकलच्या कागदाचे कौतुक येथेच करायला हवे. १० क्रमांकाच्या डॅगर्स, २२० क्रमांकाच्या डेझर्ट टायगर्स आणि ३१ क्रमांकाच्या लायन्स या तिन्ही तुकड्यांची चिन्हे त्यात आहेत, अक्षरे नखाएवढी असूनही सुवाच्य आहेत आणि पाण्यात अर्धा मिनिट ठेवली की न फाटता सुटतात. मी १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर लढलेल्या तुकडीचे रंग निवडले. उत्तरलाई आणि जोधपूरहून मरुतांनी त्या युद्धात दोनशेहून अधिक उड्डाणे केली. लोंगेवालाच्या आकाशातही ती होती. हवेतल्या लढाईत एकही मरुत पडले नाही. जी गमावली ती बहुतेक जमिनीवरून झालेल्या माऱ्याने. एक विमान तर दोनपैकी एक इंजिन बंद पडलेले असताना तळावर परत आले. जमिनीलगत वेगाने आणि स्थिरपणे उडण्यात मरुतचा हात धरणारे तेव्हा फारसे कोणी नव्हते, कारण धड तर दुप्पट वेगासाठी घडवलेले होते. ताकद मिळाली असती तर, हे वाक्य मात्र मी पूर्ण करत नाही. अशी वाक्ये पूर्ण करण्यात बरीच मराठी संध्याकाळ वाया गेली आहे.

एकंदर १४७ मरुत बांधली गेली, त्यांत १८ दोन आसनांची होती. टँक १९६७ मध्ये मायदेशी परतले. मरुतचा वारस म्हणून पश्चिम जर्मनीतल्या एका कंपनीच्या साथीने एचएफ-७३ नावाचा आराखडा झाला. तोही योग्य इंजिनाअभावी कागदावरच राहिला आणि १९७८ मध्ये सरकारने खोलवर मारा करण्यासाठी जग्वार हे परदेशी विमान निवडले. विमान बंद पडण्यापेक्षा मोठे नुकसान येथे झाले, असे माझे मत आहे. कारखान्यातली यंत्रे झाकून ठेवता येतात आणि दहा वर्षांनी आवरण काढले तर ती बहुधा चालतात. आराखडा करणाऱ्या माणसांचे तसे नसते. मरुतवर तयार झालेले तरुण अभियंते निवृत्तीकडे झुकले, काही परदेशी गेले, काहींनी परवान्याच्या विमानांची कागदपत्रे सांभाळली. १९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा बऱ्याच गोष्टी पुन्हा पाटीवर गिरवण्यापासून सुरू कराव्या लागल्या, आणि त्या विमानाचे, म्हणजे आजच्या तेजसचे, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. मरुतला पाच वर्षे लागली होती, तेजसला अठरा लागली.

एका रविवारी प्रतिकृतीचा रंग वाळायला ठेवून मी मुंबईला गेलो आणि वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवलेले मरुत पाहून आलो. शाळेच्या सहलीत ते अनेकांनी पाहिले असेल. बहुतेक मुले समोरून पाहून पुढच्या खेळाकडे पळतात. किट करणाऱ्यांनी मागच्या अंगाला जाऊन उभे राहावे. शेजारी-शेजारी असलेली ती दोन तोंडे इतकी लहान आहेत की विमानाच्या बाकीच्या देहाशी त्यांचा मेळ बसत नाही; बैलजोडीच्या गाडीला वासरे जुंपावीत, तसे ते दृश्य आहे. माझ्या शेपटाची वक्रता कोठे चुकली होती, हेही तेथेच कळले. किटमध्ये मागचा भाग किंचित जास्त गोल आहे. प्रत्यक्षात तो खालच्या बाजूने थोडा चपटा वाटतो. घरी येऊन अर्धा मिलिमीटर घासला तेव्हा आकार जुळला.

किट मागवले त्याच दिवाळीच्या तोंडावर, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला बांधलेल्या तेजस मार्क-१ए चे पहिले उड्डाण झाले. आमच्या गल्लीत त्या दिवशी वातावरण सणाचेच होते आणि काकांनी पेढे वाटले. ज्या माळावर साठ वर्षे दुसऱ्यांची रेखांकने घडवली गेली, तेथून आपल्या पेन्सिलीचे विमान उडाले, हा आनंद खराच आहे. सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांची आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची मागणी नोंदवली, म्हणूनच ओझरला नवी साखळी उभी राहू शकली. मरुतला एवढ्या मोठ्या आणि एवढ्या पुढच्या मुदतीच्या मागणीची ऊब कधीच मिळाली नव्हती. पण या विमानाच्या पोटात अमेरिकी एफ-४०४ इंजिन आहे, आणि २०२१ च्या मागणीतले पहिले इंजिन यायला मार्च २०२५ उजाडला. तयार सांगाडे इंजिनाची वाट पाहत उभे राहिले. १९८९ मध्ये मंजूर झालेले आपले कावेरी इंजिन तेजसला पुरे पडले नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेत तेजसच्या उड्डाण-नियंत्रणावर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत पाठवून त्यांची उपकरणे अडकवून ठेवण्यात आली होती, हेही फार जुने झालेले नाही.

उलट बाजूचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पिनाक रॉकेट प्रणालीचे काम पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात हाती घेतले आणि तिचे प्रणोदक पुण्यातच सुतारवाडीच्या प्रयोगशाळेचे आहे. कारगिलमध्ये ती वापरून पाहिली गेली. रॉकेटचे 'इंजिन', म्हणजे आतले ज्वलनशील मिश्रण, आपलेच असल्यामुळे सुरुवातीचा ४० किलोमीटरच्या आतबाहेरचा पल्ला पुढे मार्गदर्शित रूपात ७५ किलोमीटरपर्यंत नेताना कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही. सरकारने खासगी कारखान्यांना भागीदार केले, त्यामुळे प्रक्षेपक, गाड्या आणि रॉकेटे बनवणारी साखळी पुण्यापासून नागपूरपर्यंत तयार झाली, आणि मागणी तुकड्यातुकड्याने का होईना, पण खंड न पडता येत राहिली. रॉकेट हे विमानाच्या मानाने सोपे यंत्र आहे, ही तफावत मला मान्य आहे. तरीही मागणी आटली नाही आणि ढकलणारी ताकद घरची राहिली, या दोन गोष्टी मरुतच्या बाबतीत नेमक्या उलट घडल्या होत्या.

आता किट घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार शब्द. ज्यांनी आधी प्लास्टिकची निदान पाचसहा विमाने केली आहेत, त्यांनीच हे हाती घ्यावे. रेझिनला साधा प्लास्टिकचा गोंद चालत नाही, फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा लागतो आणि एकदा चुकीचे बसले की सोडवता येत नाही. रेझिन घासताना तोंडाला मास्क लावावा व काम ओलसर कागदावर करावे, ती धूळ फुप्फुसाला चांगली नाही. रंग मारण्याआधी प्रायमरचा हात अवश्य द्यावा. पारदर्शक छत पिवळे पडण्याची शक्यता आहे, दोन प्रती दिल्या आहेत त्या बहुधा त्याचसाठी. नाकात वजन म्हणून शिशाचा लहान गोळा ठेवायला विसरू नये, नाहीतर विमान शेपटीवर बसते. माहितीपत्रकात हे कोठेही लिहिलेले नाही आणि माझे विमान दोनदा बसले. आकार, कोरीव रेषा आणि डेकल यांसाठी माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. साच्यातले बुडबुडे आणि माहितीपत्रक यांसाठी मात्र हात आखडता.

रुंद नळकांड्यांची जोडी मी अखेर लावली नाही. ती फेकून देणार होतो, पण काकांनी काड्यापेटीत घालून घरी नेली. त्यांचा नातू पॉलिटेक्निकला आहे. शेपटाचा घेर न वाढवता ही बसवता येतात का, हे त्याला कागदावर काढून दाखवायला सांगणार आहेत.